देवाच्या दरबाराची पूर्वतयारी

टिळक म्हटले की महाराष्ट्रात पहिली आठवण येते ती लोकमान्यांची, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच रत्नागिरी जिल्ह्याने आपल्याला आणखी एक टिळक दिले. ते म्हणजे नारायण वामन टिळक. शाळकरी वयात आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, पुढे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली की एक विक्षिप्त, तापट, पण विलक्षण प्रेमळ नवरा म्हणून ते आपल्या घरचेच होऊन जातात. माझेही तसेच झाले. परंतु या कवीच्या आयुष्यातील शेवटच्या दोन वर्षांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ही लहर होती की बोलावणे होते? लहरी माणसाच्या बाबतीत हा प्रश्न सहज मनात येतो. मला मात्र असे वाटते की या दरबाराची तयारी जवळजवळ पंचवीस वर्षे चालली होती.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, करजगावचा. आई जानकीबाई भक्तिपरायण होती. तुकोबा-ज्ञानोबांची गोडी मुलास तिच्यापासून लागली. वडील कडक. आई गेल्यावर हा मुलगा घराबाहेर पडला, नाशिकास संस्कृत शिकला, आणि पुढे कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. नागपुरास असताना वैदिक वाङ्मयाला वाहिलेले ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. याच काळात त्यांच्या मनाने घेतले की हिंदुस्थानास एका नव्या धर्माची गरज आहे आणि तो आपणच स्थापावा. त्याची कलमेही त्यांनी योजली होती. ईश्वर हा सर्वांचा पिता, माणसे ही त्याची लेकरे, ग्रंथ सारे मनुष्यकृत, ईश्वरावर श्रद्धा आणि माणसावर प्रेम हेच धर्माचे सार, असा एकंदर आशय होता. वय तिशीचे, बुद्धी तल्लख, वाणीला धार! अशा वेळी धर्मसंस्थापक होण्याचा मोह कोणाला आवरेल?

परंतु घडले निराळेच. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. काव्याच्या गप्पा निघाल्या, त्यातून धर्माच्या निघाल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत हाती दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना हलवेना. जो धर्म आपण शोधून काढणार होतो त्याचा मालक अगोदरच होऊन गेला आहे, असे काहीसे त्यांना वाटले असावे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षे पुरी व्हायची होती! बाप्तिस्मा देणारा पाळक देशी असावा हा त्यांचा आग्रह होता, आणि तो रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून पार पडला. गुरू नव्याने मिळाला, तरी माती सोडायची नाही, ही खूणगाठ त्या दिवशीच बांधलेली दिसते.

या निर्णयाची किंमत मात्र एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत आणि तरीही परका, अशा स्थितीत त्या माउलीने कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने, पंढरपुरास आणि इतरत्र, काढली. पुढे त्या टिळकांकडे आल्या. त्या काही नवऱ्याच्या शब्दाने ख्रिस्ती झाल्या नाहीत. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांनी स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्म्याच्या आधीच केला होता, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, घेतला. ज्याला मंडळी उभारायची आहे त्याची पहिली परीक्षा स्वतःच्या उंबऱ्यात होते, हे सत्य टिळकांना लक्ष्मीबाईंनी शिकविले असे मला वाटते.

बाप्तिस्म्यानंतरची वर्षे ही उमेदवारीची होती. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे ठाणे. टिळक तेथे भावी धर्मोपदेशकांना शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. घरी कवींचा राबता असे. बालकवी ठोमरे तर त्यांच्या घरचेच झाले होते. या काळात टिळकांनी जी भजने आणि अभंग रचले त्यांचे महत्त्व काव्यापुरते नाही. तोवर देवळांतून परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायिली जात. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या छंदात आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तो पूल आपल्यामागून येणाऱ्यांसाठीही राखावा म्हणून ही सारी खटपट होती.

मग मिशन सोडण्याचे कारण काय? भांडण म्हणावे तर तसे नव्हते. अडचण मुळातच होती. मंडळीचा कारभार मंडळीनेच पाहावा हे या मिशनचे तत्त्व. परंतु पैसा येणार बोस्टनहून. ज्याच्या हाती पगार, त्याच्या हाती शेवटचा शब्द, हे कोणी न बोलताच ठरून जाते. शिवाय ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी गोटात जाणे, असे चार लोक समजत आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. ख्रिस्तावर मन जडलेला, पण जातगोत सोडून बाप्तिस्मा घेण्यास न धजणारा एखादा सज्जन कोठे बसणार? देवळाच्या आत त्याला जागा नाही, बाहेर त्याला सोबत नाही.

याचे उत्तर म्हणजे देवाचा दरबार. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे ख्रिस्ताचे सारे शिष्य येथे भाऊभाऊ. वेतन कोणाचे नाही. परक्याचा पैसा नाही. टिळकांनी स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणविले, परंतु बायकामुले टाकली नाहीत. एकदा घर मोडण्याचे दुःख ज्याने पाहिले होते, त्याचा संन्यास असाच असणार! नवा पंथ काढण्याची इच्छा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिशीतल्या टिळकांना स्वतःचा धर्म हवा होता. पंचावन्नाव्या वर्षीच्या टिळकांना दुसऱ्याच्या दरबारात केवळ जागा झाडायची होती. या दोन माणसांमधील अंतर म्हणजेच ती पंचवीस वर्षांची तयारी.

दरबार फार दिवस भरला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य दहाअकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दरबाराला मात्र असा वारस मिळाला नाही. एका माणसाच्या प्रेमावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते. घटना नाही, निधी नाही, शिस्त नाही. टिळकांच्या हाती पैसा कधी टिकला नाही, मग संस्थेच्या हाती तो कोठून टिकावा? हा दोष मान्य केलाच पाहिजे.

तरीही सारे वाया गेले असे म्हणवत नाही. टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे फादर विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. देशी वेष, साधी राहणी आणि आश्रमाची रीत हा त्याचा बाणा होता. आदिवासींचे अभ्यासक म्हणून पुढे गाजलेले व्हेरिअर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते याच संघात. आणि महाराष्ट्रातील मराठी उपासनेत टिळकांची पदे आजही गायिली जातात. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना दरबाराचे नावही ठाऊक नसेल.

बोलावणे खरे की मनाचा खेळ, हे ओळखायचे कसे? टिळकांच्या आयुष्यातून मला एक कसोटी सापडते. खोटे बोलावणे माणसाला घाई करावयास लावते आणि मोठे करते. खरे बोलावणे त्याला थांबवून ठेवते, शिष्याच्या पाटावर बसविते, घरच्या माणसांपुढे नमविते, आणि मग केव्हातरी, केस पिकल्यावर, म्हणते की आता ऊठ. दिवाळीत आपण ज्या पणत्या लावतो त्यांची माती आधी तुडविलेली असते, चाकावर फिरलेली असते, आव्यात भाजलेली असते. तेल-वातीची पाळी त्यानंतरची.