काळ्या मखमलीच्या बंडीतले छोटे गृहस्थ

आजच्या धाग्याचा नायक जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा आहे. त्याने आयुष्यात कधी तलवार पाहिली नाही. डोळे इतके बारीक की पाहिली असती तरी फारसे कळले नसते. तरीही इंग्लंडच्या एका राजाच्या मृत्यूचे श्रेय त्याच्या नावावर जमा आहे.

फेब्रुवारी १७०२. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या उद्यानात राजा तिसरा विल्यम घोड्यावरून रपेट करीत होता. घोड्याचे नाव सॉरेल. घोड्याचा पाय जमिनीत रुतला, घोडा अडखळला, राजा खाली आला आणि त्याच्या गळ्याचे हाड मोडले. विल्यम ५१ वर्षांचा, जन्माचा दमेकरी. हाड बसवले गेले, पण पुढे फुप्फुसांना सूज आली आणि ८ मार्च रोजी केन्सिंग्टन राजवाड्यात त्याचा अंत झाला. (त्या काळच्या इंग्रजी कागदांत हे साल १७०१ असे आढळले तर गोंधळू नका, त्यांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला लागत असे.)

घोड्याचा पाय रुतला तो एका 'मोल'च्या बिळात, असे तेव्हापासून सांगितले जाते. आता, घोडा नेमका कशाला अडखळला हे कोणी खाली वाकून तपासले होते, असे नव्हे. परंतु पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्या पक्षपात्यांना, म्हणजे जॅकोबाइटांना, हे कारण इतके आवडले की ते मेजवान्यांत चषक उंचावून 'काळ्या मखमलीच्या बंडीतल्या छोट्या गृहस्थां'च्या आरोग्याचे चिंतन करू लागले. राजाचे नाव न घेता राजद्रोह करण्याची ही सोय होती.

आपल्याकडच्या वाचकाला हा विल्यम अगदीच परका नाही. याच राजाचा वकील सर विल्यम नॉरिस एप्रिल १७०१ मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या औरंगजेबाच्या छावणीत दाखल झाला होता. व्यापाराच्या सवलती हव्या होत्या. बादशहाला मात्र समुद्रावरील चाचांच्या बंदोबस्ताची हमी हवी होती. बोलणी फिसकटली. विल्यम मेला तेव्हा औरंगजेब विशाळगडाच्या वेढ्यात अडकलेला होता, आणि नॉरिसही त्याच वर्षी ऑक्टोबरात परतीच्या समुद्रप्रवासात वारला.

आता त्या गृहस्थांकडे वळू. मोलला मराठीत खरा शब्द नाही. कोशांत 'चिचुंद्री' दिलेले आढळते, पण चिचुंद्री वेगळी आणि घूस तर त्याहून वेगळी. कारण साधे आहे: हा प्राणी आपल्या महाराष्ट्रात नाहीच. भारतात तो पूर्व हिमालयाच्या बाजूस, दार्जिलिंग-सिक्कीमकडे भेटतो. युरोपातला मोल मात्र शेत, कुरण, बाग, सर्वत्र. फावड्यासारखे बाहेर वळलेले पुढचे पंजे आणि कोणत्याही दिशेने सपाट बसणारी लव, त्यामुळे अरुंद भुयारात तो पुढे जितक्या सहज जातो तितकाच मागे सरकतो. खाणे मुख्यतः गांडुळे. त्यांचे डोके चावून त्यांना पंगू करतो आणि जिवंतच साठवून ठेवतो. पिकाची मुळे तो खात नाही, भुयार खोदताना ती उखडली जातात एवढेच. खोदलेली माती वर ढकलतो, तिचे ढिगारे कुरणभर उभे राहतात, आणि शेतकऱ्याच्या विळ्याची धार बोथट होते.

म्हणून त्याच्याशी वैर जुने. रोमन शेतीलेखक पॅलेडियस याने हाथीचोकाच्या वाफ्यांत मोलविरुद्ध मांजरे पाळावीत असा सल्ला दिला आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत १५६६ साली धान्यरक्षणाचा कायदा झाला आणि उपद्रवी पशुपक्ष्यांच्या डोक्यांवर बक्षिसे लागली. मोलचा भाव अर्धा पेनी. पैसे गावच्या चर्चचे कारभारी देत. यातूनच मोल पकडणाऱ्यांचा एक धंदा उभा राहिला. मारलेले मोल कुंपणावर ओळीने टांगून ठेवण्याची त्यांची रीत आज क्रूर वाटते. पण तो हिशेबही होता. मालकाने यावे, मोजावे आणि पैसे द्यावेत.

या माणसांचे कसब पाहण्यासारखे होते. नवशिका सापळा ढिगाऱ्यात लावतो आणि फसतो. ढिगारा हा केवळ उकिरडा; मोल पुन्हा तिथे येईलच असे नाही. जाणता माणूस दोन ढिगाऱ्यांमधली जमीन काठीने टोचत जाई. काठी एकाएकी सैल उतरली की खाली भुयार आहे हे समजे. त्यातही रोजच्या वहिवाटीचे भुयार हवे. त्यात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फास, वर वाकवून रोवलेली हेझलची लवचीक फांदी आणि मध्ये एक छोटी खुंटी. मोलने खुंटी ढकलली की फांदी सुटून फास आवळे. माणसाचा वास राहू नये म्हणून हात आधी मातीत चोळत. वाट बुजली तर मोल ती दुरुस्त करायला हमखास येतो, या एका सवयीवर सगळा धंदा चाले.

आणि इथेच मला या कथेतला खरा मानकरी भेटतो. आंरी ल कूर हा फ्रेंच राजदरबाराशी संबंधित माणूस क्रांतीच्या धामधुमीत खेड्यात निघून गेला आणि उरलेले आयुष्य त्याने मोल पकडण्यात आणि त्याचा अभ्यास करण्यात घालवले. त्याच्या माहितीवर कादे द व्हो याने १८०३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. नामांकित प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सेंत-इलेर त्याला भेटायला गेला, तेव्हा ल कूरने एक प्रयोग करून दाखवला. भुयाराच्या वाटेवर ठरावीक अंतरांवर गवताच्या काड्या रोवल्या, त्यांना कागदाच्या पताका लावल्या आणि भुयाराच्या टोकाला शिंग फुंकले. घाबरलेला मोल घराकडे धावला आणि पताका एकामागून एक हलत गेल्या. वेग दुडक्या चालीच्या घोड्याइतका भरला म्हणे! हा आकडा फुगवलेला असावा असेच मला वाटते. पण जमिनीखालच्या, न दिसणाऱ्या प्राण्याचा वेग मोजण्याची ही युक्ती विद्यापीठात नव्हे, सापळे लावणाऱ्याच्या डोक्यातून निघाली होती, याची नोंद घ्यावी.

तोवर हे भांडण शेतांचे आणि जमीनदारांच्या उद्यानांचे होते. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंगने गवत कापण्याचे यंत्र काढले आणि हळूहळू मध्यमवर्गीय घरांसमोरही गुळगुळीत हिरवळ आली. शेतात दुर्लक्षिले जाणारे ढिगारे अंगणात अपमान वाटू लागले. कारखान्यात घडवलेले लोखंडी कात्रीसापळे दुकानांत आले. पुढे राणी अलेक्झांड्राने मोलच्या कातड्याचा पोशाख मागवला आणि त्या मऊ लवेची फॅशन पसरली; उपद्रवी प्राणी काही काळ कमाईचे साधन झाला. मग स्ट्रिक्निन आले. विष लावलेली गांडुळे भुयारात सोडायची, बस्स. काठीने जमीन टोचून भुयार ओळखणाऱ्या माणसांची गरज त्याने बरीच कमी केली. ते विष अत्यंत यातनादायक आणि इतर जिवांनाही घातक. ब्रिटनमध्ये २००६ साली त्यावर बंदी आली, आणि जुन्या सापळेवाल्यांना पुन्हा बोलावणी येऊ लागली.

कधी लंडनला गेलात तर सेंट जेम्स चौकात जा. १८०८ साली उभारलेला विल्यमचा अश्वारूढ पुतळा तिथे आहे. राजाकडे नंतर पाहा. आधी घोड्याच्या मागच्या पायाशी पाहा. शिल्पकाराने तिथे मातीचा एक छोटासा ढिगारा घडवून ठेवला आहे.