वकिलावांचून दावा : दक्षिणेंतील एक जुना प्रयोग

'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण मराठींत इतकी रुळून गेली आहे कीं, ज्याला ही निवड करण्याची मुभाच नसते त्याचा विचार तींत केलेला नाहीं, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणांत पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील कुणबी कोर्टाची पायरी चढत नसे. तरीही दावा त्याच्यावर होई, हुकूमनामा त्याच्यावर होई, आणि पुष्कळदां जप्तीचा बेलीफ दारांत उभा राहिल्यावरच त्याला आपला न्याय होऊन गेल्याचें कळे.

पेशवाईनंतर एलफिन्स्टन साहेबांनीं पंचायती शक्य तितक्या चालूं ठेवाव्या असें धोरण आंखलें होतें, व १८१९ च्या आपल्या अहवालांत त्यांनीं पंचायतींचे गुणदोष मोकळ्या मनानें लिहिले. पुढें १८२७ चे नियम आले, मुनसफांचीं कोर्टें स्थिरावलीं आणि पंचायत मागें पडली. १८५९ सालीं दिवाणी कामाची नवी संहिता झाली आणि त्याच सालीं मुदतीचाही कायदा झाला. साध्या खताची मुदत तीन वर्षें ठरली. कुळाचें देणें जन्मभर मानगुटीस बसूं नये, हा त्यामागील हेतु चांगलाच होता. पण सावकारानें दर तीन वर्षांनीं जुनें खत फाडून नवें लिहून घ्यावें आणि थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवावें, असा परिपाठ पडला. कुणब्यानें खालीं नांगराची निशाणी करावी. वर काय लिहिलें आहे तें वाचणारा तोच, ज्यानें लिहविलें तो.

असें खत कोर्टांत आलें म्हणजे न्यायाधीश तरी काय करणार? खत खरें, निशाणी खरी, साक्षीदार हजर. प्रतिवादी गैरहजर. पेरणीचे किंवा कापणीचे दिवस, तालुक्याचें ठिकाण लांब, वकिलाची फी देण्यास गांठीं पैसा नाहीं, आणि तेथें जाऊन बोलावें काय हें ठाऊक नाहीं. निकाल एकतर्फी होई. शाळेंत जो मुलगा उत्तर देत नाहीं त्याला तें येतच नाहीं असें धरून पुढच्या मुलाकडे वळणें मास्तरांस फार सोपें असतें. कोर्टांतही तेंच चाललें होतें, फरक इतकाच कीं येथें पट्टीवरचे गुण जात नसत, बैल जात.

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तेथून दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला. ९५१ माणसें धरलीं गेलीं. या दंग्याची एक गोष्ट सरकारी चौकशीच्याही नजरेस आली. लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. जेथें सावकारानें खतें व वह्या मुकाट्यानें दिल्या तेथें बहुधा पुढें कांहीं घडलें नाहीं. कागद जाळून लोक परतले. लोकांनीं कोर्टाची इमारत जाळली नाहीं, पण कोर्ट ज्यावर विश्वास ठेवी तें जाळलें.

चौकशीसाठीं मंडळ नेमलें गेलें. इकडे पुण्यांत सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनीं लवाद कोर्टाचा उपक्रम हातीं घेतला. दोन्ही पक्षांनीं आपखुषीनें यावें आणि थोड्या खर्चांत तंटा मिटवावा, असा त्याचा हेतु होता. कल्पना उदात्त होती. पण आपखुषीनें येणाऱ्यांचे तंटे निम्मे मिटलेलेच असतात, आणि ज्या सावकाराच्या हातीं पक्कें खत आहे तो लवादाकडे कशाला येतो!

अखेरीस १८७९ चा १७ वा कायदा झाला व तो त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून वरील चार जिल्ह्यांत लागू झाला. दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा हा कायदा पुष्कळ गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे. देण्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें त्यानें बंद केलें. स्पष्टपणें गहाण न टाकलेली जमीन देण्यापायीं विकतां येऊं नये असें ठरविलें. पण त्याच्या ६८ व्या कलमाकडे इतिहासकारांचें लक्ष कमी जातें. शंभर रुपयांपर्यंतच्या कामांत कोणत्याही पक्षातर्फे वकील किंवा मुखत्यार उभा राहूं नये, असें तें कलम सांगे. नातलग, नोकर किंवा आश्रित यांना बोलण्यास परवानगी मिळूं शके. वकील हवाच असेल तर न्यायाधीशानें कारण लिहून परवानगी द्यावी लागे. शंभर रुपये ही त्या काळीं कुणब्याच्या दृष्टीनें लहान रक्कम नव्हती.

वकीलवर्गास हें कलम रुचलें नसेल तर त्यांत नवल नाहीं. पण त्यांच्या बाजूनेंही एक खरा प्रश्न होता. दोन्हीकडचे वकील बाहेर काढले म्हणजे दोन्ही पक्ष समान होतात काय? सावकार कोर्टांत पन्नासदां आलेला, तारखा, स्टँप आणि कलमें तोंडपाठ असलेला. कुणबी पहिल्यांदाच उंबरठ्यांत उभा. वकील गेला तरी सावकार अर्धा वकील होताच.

कायदा करणाऱ्यांनीं हें ओळखलें होतें, आणि कायद्याचें खरें मर्म त्याच्या ७ व्या व १२ व्या कलमांत आहे. प्रतिवादी आला नाहीं, बरें झालें, असें म्हणण्याची सोय न्यायाधीशास राहिली नाहीं. त्यानें प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यावी. वादीलाही शपथेवर विचारावें. आणि खत कबूल असलें तरी तेथें न थांबतां व्यवहाराचा आरंभ कोठें झाला, प्रत्यक्ष रोकड किती दिली, धान्य किती, फेड किती, हें मुळापासून शोधावें. मग मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, व मध्यंतरीं व्याजाचें मुद्दल केलेलें असेल तर तें सहसा धरूं नये. जो प्रश्न वकिलानें उलटतपासणींत विचारावयाचा तो येथें न्यायाधीशानेंच विचारावयाचा होता. वकील काढून टाकला तो त्याचें काम न्यायाधीशाच्या शिरावर ठेवून.

मोठ्या रकमेच्या दाव्यांत सावकारातर्फे वकील आला आणि शेतकऱ्याजवळ तसें साधन नसलें, तर त्याच्या संमतीनें सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस त्याच्यातर्फे उभा करण्याचा अधिकारही न्यायाधीशास दिला होता.

साठ रुपयांचा एखादा दावा कसा चाले तें पाहावें. प्रथम दोघांनीं सलोखा करणाऱ्या नेमलेल्या गृहस्थापुढें जावयाचें. त्याचा दाखला असल्यावांचून कोर्ट दावा घेत नसे. तेथें समेट झाला तर तो कागद कोर्टांत जाऊन हुकूमनाम्याइतकाच पक्का होई. न जमल्यास दावा कोर्टांत, आणि तोही प्रतिवादी राहतो त्या भागांतील कोर्टांत, सावकाराच्या सोयीच्या नव्हे. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनीं देण्याची सवलत मिळूं शके. दहा रुपयांपर्यंतचीं कामें गांवच्या मुनसफापुढेंच संपत. याहून मोठी गोष्ट १६ व्या कलमांत होती : शेतकऱ्यानें आपण होऊन सावकारावर हिशेबाचा दावा लावावा आणि आपलें देणें नक्की किती तें कोर्टाकडून ठरवून घ्यावें. ज्याला आजवर केवळ ओढून नेत असत तो आतां वादी होऊं शकत होता. अर्थात् लिहितां न येणाऱ्यास अर्ज दुसऱ्याकडूनच लिहून घ्यावा लागे. तेवढ्यापुरता मध्यस्थ कोर्टाच्या आवारांत राहिलाच.

या निकालांवर नेहमींचें अपील नव्हतें. म्हणून ते तपासण्यास खास न्यायाधीश नेमले. डॉ. पोलन हे या जागीं असतां १८८१ पासून पुणें व सातारा जिल्ह्यांत त्यांच्या हाताखालीं महादेव गोविंद रानडे यांनीं हें काम केलें, आणि १८८७ मध्यें ते स्वतःच त्या जागेवर आले. गांवोगांवच्या कोर्टांचे कागद पाहत हिंडणें, हें त्यांच्या नोकरीचें स्वरूप होतें. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे प्रसंग आले आहेत. अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या रानड्यांना शेतकऱ्याचें कर्ज पुस्तकांतून समजलें असेल असें मानणाऱ्यांनीं हीं वर्षें विसरूं नयेत.

प्रयोग निर्दोष नव्हता. सलोख्याचें प्रकरण पुष्कळ ठिकाणीं दाखला मिळविण्याचा उपचार होऊन बसलें, व विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत तें रद्द झालें. 'शेतकरी' कोणास म्हणावें यावरच वाद माजूं लागले, कारण त्या शब्दांत बसणें फायद्याचें ठरलें. आणि सावकारानेंही वाट शोधली : कर्जाचें खत किंवा गहाणखत लिहूनच घ्यावयाचें नाहीं, सरळ खरेदीखत करून घ्यावयाचें, पैसे फेडल्यावर जमीन परत देईन, हें बोलणें नुसतें तोंडी. कागदावर तर विक्री, मग न्यायाधीश मुळाशीं जाणार कसा? १९०७ मध्यें १० अ हें कलम घालून, शेतकऱ्याच्या दाव्यांत लेखाविरुद्धचा तोंडी करारही पुराव्यांत घेण्याची मोकळीक कोर्टास देण्यांत आली. खतावर काय लिहिलें आहे एवढेंच नव्हे, तर तें लिहितांना ओटीवर काय बोलणें झालें होतें, हेंही आतां न्यायाधीशास विचारतां येऊं लागलें.