पोटातल्या विषाची भीती

मैत्रिणींनो, ‘पोट साफ झालं नाही की अंगात विष साठतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. या भीतीपायी शंभर वर्षांपूर्वी बायकांची आतडी कापली गेली, ती हकीकत आज सांगते.

सर विल्यम आर्बथनॉट लेन हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे नामांकित सर्जन. मोडलेली हाडं जोडण्यात त्यांचा हातखंडा. मोठ्या आतड्यात मळ तुंबला की त्याचं विष रक्तात भिनतं. थकवा, डोकेदुखी, उदासपणा सारं त्यातूनच, असं त्यांचं मत. म्हणून बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच ते काढू लागले. त्यांत बहुतेक बायका होत्या. काही दगावल्या. 1913 मध्ये लंडनच्या डॉक्टरमंडळींत यावरून मोठा वाद झाला.

1919 मध्ये अमेरिकेतील डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनी साधी गोष्ट दाखवली. शौचाला होताच डोकं हलकं होतं. रक्तात विष असतं, तर ते इतक्या झटकन कसं उतरलं असतं? त्रास विषाचा नव्हता, भरलेल्या आतड्यावरच्या ताणाचा होता.

पुढे लेन यांनीही शस्त्रक्रिया सोडली आणि कोंड्यासकट पिठाचा पाव, भाज्या, फळं यांचा प्रचार केला.

तेव्हा आतडी धुण्याच्या जाहिरातींना भुलू नका. भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी घ्या. शौचाला लागली की कामापायी दाबून ठेवू नका. शौचावाटे रक्त पडलं किंवा नेहमीची सवय बदलली, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा.