सोळा बुड्या

बाबरनाम्यात हिजरी 907 च्या (इ.स. 1501-02) हिवाळ्यातील एक छोटी नोंद आहे. समरकंद शैबानी खानाच्या हाती गेले होते. फरगाणाही उरले नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांचा बाबर मूठभर माणसे बरोबर घेऊन खोजंदच्या आसपासच्या मुलखात फिरत होता. त्या बाजूला एक ओसाड माळ आहे. तिथले वारे इतके भयंकर की, काही दरवेशी त्यात सापडले, एकमेकांना 'हा दरवेश! हा दरवेश!' अशा हाका मारत राहिले आणि अखेर सगळे संपले, अशी दंतकथा बाबरच सांगतो. माळाला नाव पडले ते हेच. ते वारे त्या दिवसांत सुटले होते. दोन-तीन दिवसांत दोघे-तिघे थंडीने मेले. अशात बाबरला गुस्ल करण्याची गरज पडली. हश्तियक नावाच्या ठिकाणी तो एका पाटावर गेला. पाटाच्या दोन्ही कडांना बर्फ धरला होता, पण मधल्या धारेला ओढ असल्याने तेवढे पाणी मोकळे होते. तो उतरला आणि त्याने सोळा बुड्या मारल्या. गारठा अंगात आरपार शिरला, एवढेच तो लिहितो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टोळीने सिर दर्या ओलांडली. नदी गोठलेली असल्याने होडीचे काम पडले नाही.

सोळा बुड्या का?

गुस्लचा मसला आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असतो. हनफी फिकहप्रमाणे फर्ज तीनच: चूळ भरणे, नाकात पाणी घेणे आणि सर्वांगावरून एकदा पाणी घालणे. ते पाणी तीनदा घेतले तर सुन्नत पुरी होते. शिवाय जिवाला धोका होईल अशी थंडी असेल, तर तयम्मुमची सवलत आहे. जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी कडाक्याच्या रात्री तयम्मुम करून साथीदारांची नमाज पढवली. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी विचारणा केली, कारण ऐकून घेतले, हसले आणि पुढे काही बोलले नाहीत. बरोबरची माणसे थंडीने मरत असताना बाबरने ही सवलत घेतली असती, तर कोणी बोट ठेवले नसते. मसला त्याला कळत नव्हता असेही म्हणता येत नाही. हनफी फिकहवर त्याने पुढे 'मुबय्यन' हा तुर्की पद्यग्रंथ लिहिला.

म्हणजे फर्ज एका बुडीत पुरे झाले, सुन्नत तिसरीत. राहिलेल्या तेरा बुड्या त्याच्या स्वतःच्या.

पौष महिन्यात पहाटे विहिरीत सूर मारलेल्या माणसाला या तेरा बुड्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. पहिल्या बुडीला श्वास अडकतो. धाप लागते ती आपल्या मर्जीने लागत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्त आत ओढले जाते. हा पहिला झटका मिनिट-दोन मिनिटांचा असतो. त्यात तोंडात पाणी गेले तर चांगला पोहणारासुद्धा जातो. झटका सोसला की श्वास जागेवर येतो, अंग बधिर होते आणि मन कमालीचे जागे होते. बाहेर आल्यावर जी तरतरी वाटते, तिच्यासाठी आज युरोपात माणसे मुद्दाम बर्फाळ तळी शोधत जातात. धोका मात्र बाहेर आल्यावरही संपत नाही. अंग कोरडे केले तरी आतला गारवा काही वेळ वाढतच जातो. हश्तियकला उबदार खोली नव्हती, होते ते वारे. तरीही तो सोळापर्यंत गेला आणि सोळा मोजलेही. घर-दार, गाव-मुलूख गेलेल्या पोराकडे स्वतःचे म्हणावे असे अंग तेवढे उरले होते. ते अजून आपले ऐकते की नाही, हे तो पाहत असावा, असा माझा तर्क आहे. त्याच हिवाळ्यात दिखकतच्या डोंगरात तो अनवाणी हिंडत असे, इतका की पुढे पायांना दगड-खडे लागेनासे झाले. हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबर हे नाव आपल्या वाट्याला आले ते शिवी म्हणून. 6 डिसेंबर 1992 च्या आधीही ती होती; नंतर ती भिंतींवर आणि घोषणांत आली. उत्तरादाखल आपल्यातल्या काहींनी त्याला थेट वलीच करून टाकले. दोन्ही बाजूंनी त्याचे पुस्तक मात्र उघडलेले दिसत नाही. पुस्तक उघडले तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. 1519 मध्ये बाजौरच्या किल्ल्यात त्याने केलेली कत्तल आणि तिथे रचलेला मुंडक्यांचा मनोरा, हे तो स्वतःच कोणत्याही खेदाविना नोंदवतो. काबूलमधल्या दारूच्या बैठकी तो तपशिलाने सांगतो. 1527 मध्ये राणा सांगाशी लढाई होण्याआधी केलेली तौबा सांगतो आणि तौबेनंतर दारूची आठवण छळते हेही लपवत नाही. हा माणूस कोणाच्याही घोषणेत मावत नाही. मला तो सर्वांत जवळून दिसतो तो पाण्याच्या काठाला.

1504 मध्ये काबूल हाती आल्यावर बाबरने पाण्याची जी वर्णने केली आहेत, ती तहानलेल्या माणसाची वाटतात. काबूलहून एका दिवसात जिथे कधीच बर्फ पडत नाही अशा जागी जाता येते आणि थोड्याच वेळात जिथे बर्फ कधी वितळत नाही अशा जागी, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. इस्तालिफच्या ओढ्याबद्दल तो म्हणतो की, त्या पाण्याला वेगळा बर्फ घालावा लागत नाही. तिथली एक बाग त्याच्या चुलत्याने, उलुग बेग मिर्झाने, बळकावली होती. बाबरने मूळ मालकांना तिची किंमत दिली, मगच ती आपली मानली. जवळच ख्वाजा सेह यारान येथे झरा होता. भोवती चिनार, ओक आणि अर्गवानची झाडे. त्या झऱ्याला त्याने चुन्या-दगडाचा हौद बांधून घेतला, दहा बाय दहाचा. बाग-ए-वफातला हौदही दहा बाय दहाचाच. आपल्या मशिदीच्या हौदापाशी बसणाऱ्या बुजुर्गांना हा आकडा ओळखीचा वाटेल. 'दह दर दह', म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौद, हनफी फिकहमध्ये वाहत्या पाण्याच्या हुकमात येतो. थोड्याशा घाणीने तो नापाक होत नाही. 'मुबय्यन' लिहिणाऱ्या माणसाच्या हौदांचे हे माप निव्वळ योगायोगाने आले असेल, हे मला पटत नाही. मौज आणि मसला त्याच्या मनात असे एकाच मापात बसत.

मग हिंदुस्थान. पानिपत जिंकल्यावर त्याने या देशाच्या उणिवांची जी यादी दिली, ती त्याच्या विरोधकांना पाठ असते. चांगले घोडे नाहीत, द्राक्षे-खरबुजे नाहीत, मदरसे नाहीत. त्याच यादीत बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमाम नाही हेही आहे, आणि मला वाटते खरे दुखणे तेच होते. उन्हाळा, वारे आणि धूळ या तीन गोष्टींनी आग्र्यात जीव नकोसा झाला, तेव्हा तिन्हींवर एकच उपाय म्हणून त्याने हमाम बांधला. आत गेले की भर उन्हाळ्यात थंडी वाजते, एवढा तो गार होता म्हणे. धोलपूरला एकसंध खडक खोदून हौद करवला. हा देश त्याला आवडला नाही असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. इथली फुले, पाखरे, आंबा, पाऊस यांवर त्याने पाने लिहिली आहेत. पण त्याचे अंग इथल्या पाण्याला सरावायला तीन वर्षे लागली.

1529 मध्ये पूर्वेच्या मोहिमेवर असताना प्रयागच्या संगमाच्या थोडे अलीकडे त्याने गंगा पोहून पार केली. वय 46. ताप वरचेवर येत असे, अफू अंगवळणी पडली होती. त्याने हात मोजले, ते तेहतीस भरले. मग तो तसाच परत पोहत आला. वाटेत आलेल्या साऱ्या नद्या आपण पोहलो होतो, गंगा तेवढी राहिली होती, असा त्याचा खुलासा आहे. तेहतीस म्हटले की आपल्याला तसबीह आठवते. बाबर तसे काही सुचवत नाही, तेव्हा आपणही ओढूनताणून अर्थ लावू नये. गंगेचे पात्र तेहतीस हातांचे कसे, अशी शंका रास्त आहे. पावसाळ्यानंतर महिने उलटलेले, पाणी वाळवंटांमधल्या एखाद्या अरुंद धारेत आलेले, असे काही असावे. मला आकड्याच्या खरेपणापेक्षा तो मोजला गेला याचे अप्रूप आहे. आग्र्यापासून काबूलपर्यंतचा रस्ता मोजून दर नऊ कोसांवर मनोरा उभारण्याचा हुकूम त्याने काही महिन्यांपूर्वीच दिला होता. प्रदेश मोजायला त्याने माणसे नेमली, पण नद्या स्वतःच्या हातांनी मोजल्या.

मुलांना पोहणे शिकवा, हा उपदेश हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितला जातो. सैनिकाला तो हुनर लागतोच. पण ही गंगा लढाईसाठी पोहलेली नव्हती. पलीकडे शत्रू उभा नव्हता आणि परत येण्याचेही काही कारण नव्हते. हश्तियकच्या चौथ्या बुडीपासून जे सुरू झाले होते, ते सत्तावीस वर्षांनी इथे पोहोचले.

याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोठे वादळ झाले. बाबर लिहीत बसला होता, तेव्हा तंबू त्याच्या अंगावर कोसळला आणि पाने भिजली. रात्रभर शेकोटीपाशी ती सुकवावी लागली. ती वाचली म्हणून सोळा आणि तेहतीस हे आकडे आपल्यापर्यंत आले. 1589 मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने ग्रंथाचे फारसी भाषांतर अकबरास सादर केले. हाच खानखाना पुढे दख्खनच्या सुभ्यावर आला आणि बुऱ्हाणपूरला डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी योजना त्याच्या कारकिर्दीत, 1615 मध्ये झाली. तुर्की मुळाची एक चांगली प्रत हैदराबादेत सालारजंगांच्या संग्रहात होती. अॅनेट बेव्हरिज यांनी 1905 मध्ये तिची छायाप्रत छापली आणि तिच्यावरून इंग्रजी भाषांतर केले.

बाबर 26 डिसेंबर 1530 रोजी आग्र्यात वारला. पुढे त्याला काबूलला नेऊन त्याच्या आवडत्या बागेत दफन केले. गंगा मात्र घराण्याच्या वाटेतून हटली नाही. 26 जून 1539 च्या पहाटे चौशाला शेरखानाने छापा घातला, तेव्हा हुमायूनने घोडा गंगेत घातला. ती हिवाळ्याअखेरची गंगा नव्हती. घोडा वाहून गेला आणि बादशहा गटांगळ्या खाऊ लागला. निजाम नावाच्या भिश्त्याने फुगवलेली मशक पुढे केली, तिला धरून तो पैलतीराला लागला. निजामला बक्षीस म्हणून थोडा काळ तख्तावर बसवले गेले. हुमायूनने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याच्या पदरी पाण्याची सुरई वाहणाऱ्या जौहर आफताबचीने त्याच्या आठवणी लिहिल्या. चौशाला जनान्यातल्या कोण कोण हरवल्या, त्यांची नावे गुलबदन बेगमने, बाबरच्या लेकीने, एकेक करून नोंदवली. त्यांत हुमायूनची लहानगी मुलगी अकीका बेगमही होती.