आडनावाचं नाव होतं तेव्हा

मंडळी, राजर्षी शाहू महाराजांचे शिक्षक फ्रेझरसाहेब आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचं पूर्ण नाव स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर. गंमत अशी, की हे तिन्ही शब्द मुळात आडनावं. स्टुअर्ट राजघराण्याचं, फ्रेझर स्कॉटिश, आणि मिटफर्ड एका गावावरून आलेलं, क्वचित आढळणारं.

आपल्याला हे विचित्र वाटतं. आपल्या शिवाजी पेठेत 'कुणाच्यातला रं तू?' असं विचारलं की पोरगं आडनाव सांगतं. आडनाव सगळ्या भावकीचं, नाव एकट्याचं. मग इंग्रजांनी ही सरमिसळ का केली?

इतिहासकार विल्यम कॅम्डेन यानं १६०५ साली या रिवाजाची नोंद केली. तो तेव्हा तसा नवाच होता, आणि मोठ्या घराण्यांतला. मुलाला धर्मपित्याचं किंवा आईच्या माहेरचं आडनाव नाव म्हणून द्यायचं. लग्नानंतर बाईचं आडनाव जायचं. ते असं लेकाच्या नावात उरायचं. आडनाव दुर्मीळ असेल तर ओढ जास्त, कारण उच्चारताच घराणं कळतं.

ब्राँटे भगिनींचा भाऊ बघा. आई मारिया, माहेरची ब्रॅनवेल, कॉर्नवॉलकडची. मुलगा पॅट्रिक ब्रॅनवेल ब्राँटे, जन्म १८१७. वडीलही पॅट्रिकच, म्हणून घरात त्याला ब्रॅनवेल म्हणत. तो चार वर्षांचा असताना आई गेली. तिचं माहेर मात्र रोज घरात हाकेला येत राहिलं.

पुढे नात्याची अटही गळली. प्लासीच्या लढाईनंतर क्लाइव्ह हे आडनाव गाजलं. कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेनं १८५५ साली पुऱ्या झालेल्या 'द न्यूकम्स' कादंबरीत नायकाचं नाव क्लाइव्ह ठेवलं. पुण्यात १९२२ साली जन्मलेले बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स. त्यांचंही पहिलं नाव मुळात आडनावच. आता असं नाव ऐकून आईचं माहेर कळेलच असं नाही.

आता आपल्याकडे वळू. शाहू महाराज मूळचे कागलचे यशवंतराव घाटगे. त्यांच्या आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या. १८८४ साली दत्तविधान झालं, नाव बदललं, घराणं बदललं. पण त्याआधीच्या नावात तरी घोरपडे कुठं होते? आपल्या रचनेत मधली जागा वडिलांची. आईला जागाच नाही.

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला. हे चांगलंच झालं. पण आईचं नाव आलं, तिचं माहेर अजून बाहेरच आहे. इंग्रजांचा रिवाज उचला, असं आम्ही म्हणत नाही. एवढंच करा : घरी गेल्यावर आपल्या पणजीचं माहेरचं आडनाव आठवून बघा. किती जणांना सांगता येतंय, त्यावरून आपण इतिहास कुणाचा जपला ते कळेल.