प्रसविका-प्रशिक्षण, नोंदणीकृत परिचारिकांचे

स्वाभाविक गर्भारपण, प्रसूती व बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळता यावे, आणि त्यांत काही विकृती उद्‌भवल्यास ती वेळीच ओळखून त्या स्त्रीस डॉक्टरांच्या स्वाधीन करता यावे, एवढ्यासाठी परिचर्येचे मूळ शिक्षण पुरे करून नोंदणी झालेल्या परिचारिकेस जे जादा शिक्षण दिले जाते, त्याचा या नोंदीत विचार केला आहे. परिचर्येची पायरी न चढता थेट प्रसविका होण्याची सोय अनेक देशांत आहे. आंतरराष्ट्रीय प्रसविका महासंघाने अशा थेट शिक्षणासाठी किमान ३ वर्षे आणि परिचारिकांसाठी किमान १८ महिने अशी मुदत धरली आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका : या शिक्षणास कायद्याची चौकट प्रथम कशी लाभली व ती क्रमाक्रमाने कशी घट्ट होत गेली, हे पाहण्यास इंग्लंडचे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण तेथील नियमावलींचे दप्तर सुसंगत आहे. १९०२ च्या प्रसविका अधिनियमान्वये इंग्लंड व वेल्ससाठी मध्यवर्ती प्रसविका मंडळ स्थापन झाले आणि मंडळाच्या दाखल्यावाचून हा व्यवसाय करण्यास क्रमाने बंदी आली. आरंभी शिक्षणाची मुदत अवघी ३ महिन्यांची होती. १९१६ मध्ये ती ६ महिन्यांवर नेताना परिचारिकांना सवलत देऊन त्यांच्यासाठी ४ महिने ठेवण्यात आली, १९२६ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे १२ व ६ महिने झाले, आणि १९३८ पासून शिक्षणाचे दोन भाग पाडून परिचारिकेसाठी प्रत्येक भाग ६ महिन्यांचा ठरला. पहिला भाग रुग्णालयात पुरा होई. दुसऱ्या भागात घरोघरी जाऊन प्रसूती करण्याचा अनुभव घ्यावा लागे. मात्र रुग्णालयातील वरच्या जागांसाठी किंवा आरोग्य-अभ्यागत होण्यासाठी प्रसूतिशास्त्राचा दाखला उपयोगी पडत असल्यामुळे, हा व्यवसाय करण्याचा ज्यांचा मुळीच इरादा नव्हता अशा परिचारिका मोठ्या संख्येने पहिला भाग पुरा करून थांबत. शिकाऊ मुलींच्या वाट्याला येणाऱ्या प्रसूती मोजक्याच असताना त्यांतील कित्येक अशा रीतीने वाया जाव्यात, ही या पद्धतीची मोठीच उणीव म्हटली पाहिजे. युरोपीय समुदायाच्या १९८० च्या निर्देशानंतर ब्रिटनमध्ये परिचारिकांसाठी ही मुदत १८ महिन्यांची झाली. विद्यार्थिनीने किमान ४० प्रसूती स्वतः कराव्यात, आणि तेवढ्या मिळणे अशक्य झाल्यास ३० स्वतः करून आणखी २० प्रसूतींत साहाय्य करावे, हा दंडकही त्याच निर्देशमालेतील आहे.

मुंबई इलाखा : मुंबईचे कामा रुग्णालय (१८८६) व परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६), तसेच रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन, या संस्थांशी येथील परिचारिका व सुईणींच्या शिक्षणाचा इतिहास निगडित आहे. नोंदणीचा कायदा १९३५ चा. सध्याचा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा.

भारतातील स्थिती : जनरल नर्सिंग किंवा बी. एस्‌सी. नर्सिंग पुरे करणाऱ्या परिचारिकेच्या मूळ अभ्यासक्रमातच प्रसूतिपरिचर्या अंतर्भूत असल्यामुळे, तिची नोंदणी परिचारिका व प्रसविका अशी दुहेरी होते. सनद अशी आधीच हाती येत असली, तरी शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेची नेमणूक ठरावीक काळाने या कक्षातून त्या कक्षात फिरत राहते. आज बाळंतिणींत असलेली बाई उद्या शस्त्रक्रियागृहात किंवा अपघात विभागात रुजू होते, आणि प्रसूतिकक्षात तिने कमावलेले कौशल्य तेथे निरुपयोगी ठरते. एकविसाव्या शतकात कुशल प्रसूतिसाहाय्यासाठी २१ दिवसांचे प्रशिक्षण देशभर देण्यात आले. जीव वाचविण्याच्या दृष्टीने ते मोलाचे होते. तथापि तेवढ्यावर स्वतंत्र प्रसविका घडणे शक्य नव्हते.

तेलंगण शासनाने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या व युनिसेफच्या सहकार्याने करीमनगर येथे शासकीय परिचारिकांसाठी १८ महिन्यांचा वर्ग काढला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसविका-सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ या नव्या संवर्गाची आणि प्रसविकांच्या अखत्यारीत चालणाऱ्या प्रसूतिकक्षांची तजवीज केली. शिकविणाऱ्या पाठ्यनिर्देशिकांनाही आधी स्वतंत्र शिक्षण द्यावे लागेल, हे या योजनेत ओळखले गेले, ही विशेष समाधानाची गोष्ट होय.

प्रात्यक्षिक : या शिक्षणाचा खरा कस हाताला लागतो. उदरपरीक्षेत विद्यार्थिनी दोन्ही तळवे पोटावर सपाट ठेवून, गर्भाशयाच्या माथ्याशी डोके आहे की कुल्ले, पाठ कोणत्या बाजूस आहे, ओटीपोटाशी आलेला भाग कोणता आणि तो कटिरात किती उतरला आहे, हे याच क्रमाने चाचपते. हात गार असेल किंवा बोटे रोवली जात असतील, तर पोटाचे स्नायू ताठरतात आणि काहीच कळत नाही. नंतर पाठीच्या बाजूस फीटोस्कोप टेकवून, कळ ओसरताच ठोके मोजावयाचे. मिनिटास ११० ते १६० ही त्यांची स्वाभाविक मर्यादा. प्रसूतीची प्रगती ज्या आलेखावर नोंदतात, त्या पार्टोग्राफला फिलपॉट व कॅसल यांनी १९७२ मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात सावधतेची व तिच्या उजवीस चार तासांच्या अंतरावर कृतीची रेषा जोडली, ती दूरच्या प्रसूतिकेंद्रांतील प्रसविकांना बाईस मोठ्या रुग्णालयात केव्हा हलवावे हे कळावे म्हणूनच. ग्रीवा ताशी एक सेंटीमीटर उघडलीच पाहिजे, हा जुना दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नव्या प्रसूतिपत्रकात सोडून दिला आहे.

वॉर्डात कित्येक वर्षे काढलेल्या परिचारिकेला नवे शिकण्याइतकेच अंगवळणी पडलेले टाकणेही भाग पडते. बाईला टेबलावर उताणी निजविणे, वरून पोट दाबणे, पहिलटकरणीस सरसकट छेद देणे, मूल बाहेर येताच नाळ कापणे, या गोष्टी घाईच्या प्रसूतिकक्षात तिच्या हाताला चिकटलेल्या असतात. येथे तिला बाईस बसू, चालू व कुशीवर वळू देण्यास, डोके हळूहळू बाहेर येत असताना हात आवरून धरण्यास, आणि बाळ आईच्या छातीवर ठेवून नाळेसाठी निदान एक ते तीन मिनिटे थांबण्यास शिकवितात. मात्र बाळ जन्मताच, दुसरे बाळ पोटात नाही याची खात्री करून, ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन देण्यात विलंब चालत नाही; वार पडल्यावर ती पुरी आहे की नाही, हे तिचे पाळे जुळवून पाहावेच लागते. संयम कोठे धरावा आणि त्वरा कोठे करावी, हा विवेक व्याख्यानांनी येत नाही. अनुभवी प्रसविकेच्या शेजारी रात्री जागूनच तो येतो, आणि म्हणूनच अभ्यासक्रमातील सलग प्रात्यक्षिकाच्या काळावर काटछाट होऊ देणे घातक आहे.

परीक्षा : लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक.

अधिकार व दर्जा : प्रशिक्षित प्रसविकेने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून कोठवर काम करावे, तिला कोणती औषधे स्वतःच्या सहीने देता यावीत, आणि तिची बदली इतर कक्षांत करता येऊ नये काय, यांविषयी प्रसूतितज्ज्ञ, परिचारिका-संघटना व आरोग्य खाते यांच्यात एकवाक्यता झालेली दिसत नाही. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाची तरतूद करणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे.