घरातला पहिला संच



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींनी भुवया उंचावल्या असतील, याची आम्हांला कल्पना आहे. वसंत व्याख्यानमालेत शिवकाल यावा, संतवाङ्मय यावे, मुक्तिसंग्राम यावा. निजण्याच्या खोलीत ठेवावयाच्या ॲम्प्लिफायरचे येथे काय काम? परंतु पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानांची प्रथा पडली तेव्हा वक्त्याची छाती हाच एक ध्वनिवर्धक होता. ली डी फॉरेस्टने अशक्त विद्युत्संदेश सशक्त करणारी निर्वात नळी सिद्ध केली ती १९०६ साली. आमच्यासारख्या बारीक आवाजाच्या माणसाला आपण आज शेवटच्या रांगेत बसून ऐकता आहा, हे त्या नळीच्याच वंशजांचे उपकार होत.

विषय सुचला तो शिरूर अनंतपाळच्या एका तरुणामुळे. पहिल्या पगारातून बाजूला काढलेले पैसे घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, खोलीत गाणी ऐकायला स्टिरिओ घ्यायचाय. ॲम्प्लिफायर किती वॅटचा घेऊ?’’ दुकानदाराने त्याला हजारांचे आकडे सांगितले होते. आम्ही त्याला बसवून घेतले आणि उलट विचारले, ‘‘तुझ्या आजोबांच्या काळचा रेडिओ किती वॅटचा होता, ठाऊक आहे का?’’ ते त्याला ठाऊक नव्हते. आपल्यांपैकीही फार थोड्यांना असेल.

शिरूर आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. १९५६ पूर्वी हा निलंग्याकडचा मुलूख बिदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे नभोवाणी केंद्र निजाम सरकारच्या अमलाखाली ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सुरू झाले; ‘डेक्कन रेडिओ’ या नावाने ते ओळखले जाई. औरंगाबादेसही संस्थानचे केंद्र होते. त्या दिवसांत खेड्यात रेडिओ म्हणजे एखाद्या वाड्यातली अपूर्वाई! तरीही ज्याला तो घेणे परवडे त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राही, आणि तो आजच्या वॅटांच्या प्रश्नाहून पुष्कळ गंभीर होता. नुसता मध्यम लहरींचा संच घ्यावा की लघुलहरीही पकडणारा घ्यावा?

हा केवळ यंत्राचा भेद नव्हता. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि दूर जाता जाता क्षीण होतात. वरच्या वातावरणातला एक थर सूर्यप्रकाशात त्यांना शोषून घेतो. लघुलहरी आकाशातील थरांवरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर उतरतात. तेव्हा मध्यम लहरींच्या संचावर भरदिवसा ऐकावयाचे ते मुख्यतः जवळच्या केंद्राचे; लघुलहरींचा पट्टा असला की दिल्ली येई, लंडनही येई. १९४७-४८ साली या फरकाला काय मोल आले असेल, ते वेगळे सांगावयास नको. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचाच वकील. संस्थानच्या केंद्रावरून एक हकीकत येई आणि दिल्लीहून दुसरी. ज्याच्या घरी दोन्ही ऐकू येत, त्याच्या ओसरीवर अंधार पडल्यावर चार माणसे जमत व आवाज अगदी हळू ठेवून कान संचाला लावीत, हे दृश्य मराठवाड्याला नवे नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने संस्थानात शिरल्या, आणि १७ सप्टेंबरला शरणागती जाहीर झाली तीही नभोवाणीवरूनच. डेक्कन रेडिओ आकाशवाणीच्या ताब्यात आला तो १ एप्रिल १९५० रोजी.

आता त्या संचाच्या पोटात डोकावू. खेड्यात वीज नव्हती. शहरात मर्फी, फिलिप्स, बुश यांचे विजेवरचे संच मिरवत. मर्फीच्या जाहिरातीतले बाळ तर इतके घरोघरी पोचले की पुष्कळांना संचाआधी ते बाळच आठवते. खेड्यातल्या माणसाने मात्र कोरड्या बॅटरीचा संच घ्यावयाचा. त्याला दोन प्रकारची वीज लागे: नळ्यांच्या तारा तापविण्यासाठी दीड व्होल्ट आणि त्या चालविण्यासाठी सुमारे ९० व्होल्ट. हे वजनदार बॅटरीचे खोके काही महिन्यांत संपे आणि मग नवे येईपर्यंत रेडिओ कोनाड्यात मुका बसे. शिवाय धाब्यावर दोन बांबू रोवून त्यांवर तांब्याची एरियल ताणावयाची, दुसरी तार ओल्या जमिनीत पुरावयाची, आणि दरसाल पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावयाचे. परवान्याची ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात संपली. जुन्या पेट्यांत ती तिकिटे डकविलेली पुस्तके अजून सापडतात.

एवढा खटाटोप करून त्या बॅटरी-संचाच्या कर्ण्यातून शक्ती निघे ती किती? सुमारे पाव वॅट! होय, एका वॅटचा चौथा हिस्सा. विजेवरच्या घरगुती संचाची मजल तीन-चार वॅटपर्यंत जाई. पाव वॅटावर ओसरी भरून माणसे बातम्या ऐकत, कारण कागदी पडद्याचा मोठा कर्णा मिळालेल्या अल्प शक्तीचे पुरेपूर चीज करी आणि गावात रात्री दुसरा आवाज नसे. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चालले. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. ते सकाळच्या प्रहरी लागे, आणि दिवसाच्या मध्यम लहरींना शिरूर फार लांब. तेव्हा एरियल चांगली ताणणारा माणूस भाग्यवान! लोकांनी ते ऐकले ते खरखरीतून, आणि त्या खरखरीसकट ते त्यांच्या आठवणीत राहिले.

पुढे १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावाने मिळून ऐकावयाचे आणि ऐकून झाल्यावर चर्चा करावयाची. आमचा मराठवाडा त्या पाचांत नव्हता. ही बाब आम्ही तक्रार म्हणून नोंदवीत नाही, पण नोंदवितो. नंतर ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेत १९४७ साली त्याचा शोध लागला, १९५४ साली त्यावर चालणारा खिशातला रेडिओ बाजारात आला, आणि आपल्याकडे साठनंतर तो हळूहळू शेताच्या बांधापर्यंत पोचला. ९० व्होल्टचे खोके गेले; टॉर्चचे सेल पुरू लागले. ओसरीवरची बैठक मोडली ती मात्र याच सोयीने. ज्याचा त्याचा रेडिओ ज्याच्या त्याच्या उशाशी गेला.

दोन कर्ण्यांची कथा निराळी आहे. ॲलन ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली तिचे पेटंट मागितले. चित्रपटात नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, याचा त्याला वैताग आला होता, असे सांगतात. त्या तत्त्वावरच्या तबकड्या १९५८ साली विक्रीस आल्या. आमच्याकडच्या बहुतेकांना त्रिमित आवाजाची ओळख झाली ती १९७५ च्या ‘शोले’मुळे, तीही मोठ्या शहराच्या चित्रगृहात जाण्याची ऐपत असलेल्यांना. त्यानंतर टेपरेकॉर्डर आले, आणि त्यांच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाचे आकडे झळकू लागले. सहा सेलांवर चालणाऱ्या पेटीवर शेकडो वॅट! हा आकडा म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, सोयीने मोजलेला हिशेब. बैल एकदा हिसका देऊन गाडा हलवितो म्हणून तो दिवसभर तेवढाच जोर लावील असे शेतकरी धरीत नाही. पण तोच शेतकरी दुकानात फसतो.

म्हणून आम्ही त्या तरुणाला खोलीचे माप विचारले. दहा फूट बाय बारा फूट. साध्या कर्ण्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे ८५ ते ८८ डेसिबल आवाज मिळतो. आपण साधे बोलतो ते ६० च्या आसपास. शक्ती दुप्पट केली तर वाढ फक्त ३ डेसिबलची, आणि कानाला आवाज दुप्पट वाटावयाचा तर शक्ती दहापट लागते. याचा अर्थ, त्या खोलीत तो बहुतेक वेळ एका वॅटाच्या आतच ऐकणार. दर बाजूस अखंड २०-२५ वॅट देणारे यंत्र, तबल्याच्या थापेला हात राखून, पुरून उरते. मात्र ‘अखंड’ हा शब्द कागदावर लिहिलेला पाहावा, आणि तो किती ओहमच्या कर्ण्यासाठी आहे तेही. ८ ओहमचे कर्णे बहुतेक यंत्रांना सोसतात. ४ ओहमचे जोडावयाचे तर यंत्राच्या पाठीवर तशी मुभा छापलेली हवी, नाहीतर ते तापते.

मग रिसीव्हर घ्यावा की नुसता ॲम्प्लिफायर? रिसीव्हर म्हणजे पोटात रेडिओ असलेला ॲम्प्लिफायर. एफएमची केंद्रे खोलीत स्वच्छ लागत असतील तरच त्याचे जादा पैसे द्यावेत. आधी साधा रेडिओ खिडकीत ठेवून पाहावे. तबकड्या वाजवावयाच्या असतील तर सुईकडून येणारा संदेश काही सहस्रांश व्होल्टचाच असतो. त्याला ‘फोनो’ नावाचे वेगळे प्रवेशद्वार लागते. ते नसले की तबकडी कुजबुजल्यासारखी वाजते आणि माणूस तबकडीला दोष देतो. ज्याला फोनवरूनच ऐकावयाचे आहे त्याने या दोन्हींचा नाद सोडावा.

तरुण थोडा हिरमुसला. मोठा आकडा त्याला मित्रांना दाखवावयाचा होता, आणि त्यात गैर काही नाही. आम्हीही त्या वयात दाखविण्यासाठी पुष्कळ गोष्टी केल्या. पण त्याला काय ऐकावयाचे आहे असे विचारता तो म्हणाला, नवी गाणी, आणि आजीसाठी जुनी. जुनी गाणी तर बहुतेक एकाच मार्गाने मुद्रित झालेली. दोन कर्ण्यांतून ती एकच होऊन मधोमध उभी राहतात, आणि तेथे कर्ण्याचा कस लागतो, वॅटांचा नव्हे. तेव्हा जवळच्या पैशांतले दोन हिस्से कर्ण्यांवर आणि एक यंत्रावर घालावा, असे आम्ही सुचविले. संध्याकाळी दाब उतरतो, म्हणून विकत घेण्याआधी यंत्र शिरूरच्या घरीच दिवेलागणीला लावून पाहण्याची सवलत दुकानदाराकडून मागून घे, असेही सांगितले.

परवा त्याचा निरोप आला. लहान यंत्र घेतले आहे. कर्णे भिंतीपासून हातभर पुढे ओढले तेव्हा घुमणे कमी झाले. आजीचे मात्र म्हणणे असे की दोन पेट्यांपैकी एक तिच्या खोलीत ठेवावी, म्हणजे दोघांचेही भागेल. यावर काय करावे, असे त्याने आम्हांला विचारले आहे.